मोरी नंबर नऊ

काटा दोनशे ऐंशीवर थांबला आणि काँक्रीटचा ठोकळा यंत्रातच फुटला.

उज्ज्वलाने आकडा पेन्सिलीने वहीत लिहिला. हा तिसरा. पहिला दोनशे सत्तरला फुटला होता, दुसरा दोनशे नव्वदला. तिन्ही साडेचारशेपर्यंत टिकायला हवे होते.

मंचरच्या पुढे हायवेचं रुंदीकरण चालू होतं. साइटवरच्या पत्र्याच्या लॅबमध्ये आज तिचा शेवटचा दिवस होता. सिव्हिल डिप्लोमाचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग संपत होतं. ट्रेनिंगच्या डायरीवर साइट इंजिनिअरची सही मिळाली की ती पुढच्या वर्षाला बसणार होती. नाही मिळाली तर वर्ष गेलं.

साइट इंजिनिअर सुदर्शन सरांनी वही पाहिली. मग यंत्राखालचा चुरा पाहिला.

"कुठल्या मोरीचे?"

"नऊ नंबरच्या. आमच्या वाडीच्या फाट्यावरच्या ओढ्याची."

"माल कुठून घेतला होतास?"

"स्लॅबवरून. ओतत होते त्याच घमेल्यातून. पुस्तकात तसंच दिलंय, सर."

कोपऱ्यात साचे पुसत बसलेला चांगदेव मान हलवून हसला. लॅबचं काम त्याच्या हाती होतं. "आवो ताई, ठोकळ्याचा माल आपण हितं दाराशी येगळा कालवतो. शिमीट सढळ टाकून. सा महिने झाले तुमाला, कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"मग स्लॅबमध्ये काय आहे?"

सरांनी बुटाच्या टोकाने चुरा बाजूला केला. "हेच."

बाहेर रोलर चालू होता. पत्रा थरथरत होता.

"सर, तो स्लॅब फोडून परत टाकायला हवा."

"गेल्या सोमवारी रहदारी सोडली त्याच्यावरून. आता कोण फोडतंय?" ते खुर्चीवर बसले. तिशीतलेच असतील, पण उन्हाने थोराड दिसायचे. "मीही ट्रेनिंगला असाच एका पुलावर होतो. वरच्यांनी सांगितलेले आकडे मी लिहिले नाहीत. माझं वर्ष गेलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पोराने लिहिले. पूल ठरल्या तारखेला झाला."

"उभा आहे?"

"अजून तरी आहे."

सरांचा आवाज चढलाही नव्हता. त्यांनी पाण्याच्या हौदाकडे बोट केलं. "चांगदेवने केलेले नऊ नंबरचे चार ठोकळे त्यात आहेत. तीन फोड. येतील ते आकडे लिही. खोटं लिहायला मी सांगत नाही."

तिने हौदात हात घातला. पाणी गार होतं. ठोकळे काळसर, टणक, कडा धारदार. पाचशे साठ. पाचशे पन्नास. पाचशे पंचाहत्तर. फुटताना प्रत्येकाचा गोळीसारखा आवाज झाला. तिने पेन्सिलीचे तीन आकडे खोडले, फुंकर मारली आणि त्याच जागी शाईने नवे लिहिले. सरांनी डायरी ओढून सही केली. तारीख घातली. पेनला टोपण लावताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

दाराशी जुनी एम-एटी गाडी थांबली. तिचा बाप गेणू तिला न्यायला आला होता. आज त्याने धुवट टोपी घातली होती.

"झालं का सायेब आमच्या पोरीचं?"

"झालं. हुशार आहे तुमची मुलगी."

"आमच्या फाट्याची मोरी हिनंच बांधली म्हनून सांगतो मी वाडीत. लोकं म्हनत्यात, गेणू लई फेकतो."

चांगदेवने हौदातला उरलेला चौथा ठोकळा काढला, फडक्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला. वर लाल रंगात नंबर होता. "हे घ्या भाऊ, दाखवा त्यास्नी. तुमच्याच मोरीचा."

गेणूने ठोकळा दोन्ही हातांवर तोलला. "आयला! आठ किलो तरी आसंल." त्याने नखाने खरडून पाहिलं. काही निघालं नाही. त्याचं तोंड फुललं. "उज्जे, मांडीवर घेऊन बस. पाडू नको."

वाटेत नऊ नंबरच्या मोरीवर गेणूने गाडी कडेला उभी केली, खाली उतरला आणि स्लॅबवर दोनदा टाच आपटली.

"बघ, हलतंय का कुटं?"

"दादा, चल ना घरी."

मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. कडेला उभी गाडी पाहून ड्रायव्हरने मोरीच्या अलीकडे वेग कमी केला. उज्ज्वलाने मांडीवरचा ठोकळा घट्ट धरला.

गेणू रस्त्याच्या मधोमध गेला आणि हात हलवून ओरडला, "या पावणं, या बिनघोर! आमच्या पोरीनं बांधलीया!"