पाया पडायची रीत

मारझोडीला कंटाळून तनुजा मुखेडला माहेरी आली, तेव्हाच तिनं नवऱ्याला, दयानंदला, बजावलं होतं, "आता माझ्या दारात पाऊल ठेवायचं न्हाई." वर्षभरात तिला शांत झोप लागायला लागली होती. भांडं पडलं तरी आता ती दचकत नव्हती.

दार बंद, म्हणून दयानंदनं गावच्या सप्ताहातलं कीर्तन गाठलं. कीर्तन संपलं आणि रीतीप्रमाणं सगळे लहानथोर एकमेकांच्या पाया पडू लागले, तसा हा गडी भर मंडपात बायकोच्या पायांवर आडवा झाला. कपाळाला बुक्का, तोंडात माउली आणि नजर मात्र कोण कोण बघून राहिलंय यावर. भोळ्या बाया गहिवरल्या. "आता तरी माफ कर गं माय!"

तनुजानंही रीतीप्रमाणं वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं लगेच डोळे पुसले. "झालं तर मग! चल, गाडी भाईरच उभी हाय."

 

"पाया तर मी आज अख्ख्या मंडपाच्या पडले," तनुजा म्हणाली. "कुणाकुणाच्या घरी नांदायला जाऊ?"