वरच्या वाटेवरचे बाक

भिंतीवर प्रोजेक्टरने टेकडीचा नकाशा उमटला आणि वाचनालयाच्या खोलीतली कुजबुज थांबली. नकाशाभर लाल ठिपके होते. रोज फिरायला जाणाऱ्या मंडळींनी जिथे जिथे चिकट्या दिसेल तिथे फोनवर त्याचा फोटो काढून पाठवायचा आणि कॉलेजच्या बाईंनी तो तपासून नकाशावर एक ठिपका द्यायचा, असं हे काम. चिकट्या हे नाव मंडळींनीच ठेवलेलं. परमुलखातून आलेलं तण. त्याचं काटेरी बी मिळेल त्याच्या अंगाला चिकटून फिरतं आणि जिथे पडेल तिथलं बाकीचं सगळं गवत मारून टाकतं.

"सगळ्यात जास्त फोटो वहिनींचे," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. वहिनींनी मान किंचित झुकवली आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. कुत्रा लांब केसांचा, आणि रुबाब असा की सगळे त्याला साहेबच म्हणत.

टेकडीच्या फाटकापाशी खिळ्याला ब्रश टांगायची कल्पना वहिनींची. बूट घासल्याशिवाय त्या कोणाला आत पाऊल टाकू देत नसत. एकदा मंडळाच्या अध्यक्षांनाही त्यांनी माघारी पाठवलं होतं. गेल्या वर्षी भर सभेत उभं राहून शेळ्यांना टेकडी बंद करायला लावली तीही त्यांनीच. शेळ्या दोनच होत्या, आणि त्या त्यांच्या सख्ख्या दिराच्या होत्या. नात्यागोत्याकडे पाहिलं नाही म्हणून तेव्हा वहिनींचं फार कौतुक झालं.

ते भावोजी आज मागच्या खुर्चीत बसले होते. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने शेळ्या पाळल्या होत्या. टेकडी बंद झाल्यावर वर्षभर विकतचा चारा घातला, आणि आता रविवारी ते त्या कोणाला तरी देऊन टाकणार, असं वहिनींच्या कानावर आलं होतं. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि वहिनींनी विचारलं नव्हतं. आज ते उठून बोलतील, निदान फाटक पुन्हा उघडा म्हणतील, अशी वहिनींना धास्ती होती. उत्तर त्या घरूनच पाठ करून आल्या होत्या.

"आता ही गंमत बघा," बाईंनी नकाशावर बोट टेकवलं. "वरच्या वाटेला आपण बाक बसवले ते शेळ्या बंद झाल्यावर. आणि यंदाची नवी रोपं सगळी बाकांच्या मागे. दोन बाकांमधल्या वाटेवर एकही नाही."

"माझ्या शेळ्या बाकावर टेकत नाहीत हो," भावोजी मागून म्हणाले. खोलीत हशा पिकला.

"म्हणजे कोणीतरी माणूसच," अध्यक्ष म्हणाले. "बाकावर बसतो आणि कपडे झटकतो. कोण हा महाभाग?"

वहिनीही हसत होत्या. ते हसू तोंडावर तसंच राहिलं. साहेब रोज झुडपांत घुसायचा. घरात सोफ्यावर केस नकोत म्हणून त्या बाकावर बसून त्याला विंचरायच्या, बी एकेक उपटून मागे टाकायच्या आणि हात झटकून स्वच्छ घरी यायच्या. आज पहिला बाक, उद्या पुढचा. रोपं उगवली तेव्हा फोटोही त्यांनीच काढले, मोठ्या उत्साहाने. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फणी मांडीवरच्या पिशवीतच होती, आज सकाळचं बी तिच्या दातांत अडकलेलं.

साहेब उठला, अंग झाडून मागच्या खुर्चीकडे गेला आणि त्याने भावोजींच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. भावोजी त्याचा कान खाजवू लागले आणि त्यांची बोटं थांबली. कानामागच्या केसांतून त्यांनी एक काटेरी बी सोडवलं. त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. बी सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"जाऊ द्या ना अध्यक्ष," ते म्हणाले. "शेळ्यांचंच असेल. सुटतात कधीमधी दावं तोडून."

"मी तरी दुसरं काय म्हणत होतो?" अध्यक्षांना हायसं वाटलं. "बाई, घ्या लिहून तसं."

बाई लिहू लागल्या. गप्प बसावं, कोणाला कळणार आहे, असं वहिनींच्या मनात येऊन गेलं, आणि तसं मनात आल्याची लाज आधीच्या लाजेहून मोठी होती. त्यांनी पिशवीतून फणी काढली आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली.

"शेळ्या नाहीत," त्या म्हणाल्या. "साहेब आहे. मी त्याला तिथे बसून विंचरते."

बाईंचं पेन थांबलं. वहिनींनी मागे वळून दिराकडे पाहिलं. पाठ केलेलं उत्तर आता कुठल्या कुठे गेलं होतं.

"भावोजी, त्या रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवा. फाटक मी स्वतः उघडते."

भावोजी साहेबाच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"तो कालच येऊन घेऊन गेला, वहिनी," ते म्हणाले. "देण्याआधी दोघींना ब्रशने नीट घासून काढलं. तुम्ही सांगता तसं."