मित्राला विचारा

टेबलावर वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची तीन पुस्तकं मांडून मी सहा वर्षांच्या शर्वाणीला म्हणाले, "घरीच शिकायचंय ना? मग पुस्तकंही तूच निवड."

तिनं तिन्ही चाळली. "आई, सगळ्यांत लिहिलंय, 'मित्राला विचारा.' कुणाला विचारू?"

"मला की गं!"

"तू तर आई आहेस."

संध्याकाळी तिला देवळात कीर्तनाला नेलं. बुवांनी अभंगाचा एक चरण गाऊन हात पुढे केला आणि अख्ख्या मंडपानं तो झेलला. शेजारच्या अनोळखी मुलीला खेटून शर्वाणीही खच्चून गात होती. घरात तिचा इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

टाळांच्या गजरातच ठरवलं, सोमवारी शाळेत तिचं नाव घालायचं. 

मग हात जोडले. "देवा, दिवसभर घरात आता मी कुणाशी बोलू?"