डावा कौल

सखाराम गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर लवूने उद्या रत्नागिरीच्या बंदरावरून आगबोटीने मुंबई गाठायची. डावीकडची पडली तर घरीच राहायचं. शिमगा उरकला की मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक नव्या माणसासाठी गावात असाच कौल लावत.

लवूच्या मागे त्याचा मोठा भाऊ भागोजी हात जोडून उभा होता. कोणी विचारलं असतं तर भावासाठी देवीला साकडं घालतोय, असंच त्याने सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त तो डावी पाकळी मागत होता.

भागोजी मुंबईत ज्या गिरणीत कामाला होता ती दिवाळीपासून बंद होती. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सणाची रजा काढून आलोय, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं आणि मग ते मागे घेता येईना. गिरणी चालू होती तेव्हा तिथे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत एका अंथरुणावर दोघांचं भागायचं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा आडवा व्हायचा. आता पाळ्याच नाहीत, तर सगळ्यांनी एकदम आडवं व्हायचं कुठे? म्हाताऱ्यांना जागा देऊन भागोजी जिन्याच्या पायरीवर बसून झोपायचा, उजाडलं की दुसऱ्या गिरण्यांच्या फाटकांपुढे जाऊन उभा राहायचा आणि हात हलवत परत यायचा. तिथे लवूला नेऊन काय करायचं, या विचाराने त्याला घरचं अन्न गोड लागत नव्हतं.

काल जेवताना त्याने आडून आडून सांगून पाहिलं. मुंबईचं पाणी लवूला मानवायचं नाही, म्हणाला. त्यावर त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, घास हातातच ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाठच्या भावाला हात द्यायला जिवावर येतंय का, एवढंच विचारलं. भागोजी खाली मान घालून जेवत राहिला.

डावी पाकळी पडली.

भागोजीचे डोळे भरून आले. आजवर देवीने त्याचं इतकं सरळ कधी ऐकलं नव्हतं. लवूचा चेहरा मात्र पार उतरला.

पण आप्पा हटणारे नव्हते. देवी उगाच ‘नाही’ म्हणायची नाही, तिला काहीतरी खटकतंय, असं त्यांनी गुरवाला सांगितलं. गुरवालाही ते पटलं. पोरगा परमुलखात कोणाच्या भरवशावर जातोय हे देवीला कोणी सांगितलंच नाही, असा त्याने अर्थ लावला आणि पाकळ्या पुन्हा भिजवल्या.

"भागोजी, म्होरं ये," आप्पा म्हणाले. "तू सांग देवीला. तू हायस म्हनून सांग."

भागोजी पुढे आला. खरं बोलायला याहून चांगली जागा कुठली मिळणार? त्याने तोंड उघडलंही. शेजारी आप्पा ताठ उभे होते, ज्या मुलाच्या जिवावर ते गावात चार माणसांत बसायचे त्याच्याकडे बघत. लवूने तर श्वास रोखून धरला होता.

"माज्या गिरनीत लावतो त्येला," भागोजी म्हणाला. "खोलीत माज्याजवळ निजंल."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणाले.

उजवी पाकळी लगेच पडली.

भागोजी देवीकडे बघतच राहिला. माणसं फसली तर फसली, पण तिने तरी ओळखायला हवं होतं, असं त्याला वाटलं आणि मनातून तो तिच्यावर रागावला.

लवू धावत येऊन त्याच्या पाया पडला.

"दादा," तो म्हणाला, "तुज्या शबदाखातर देवीनं कौल फिरवलान."