ज्वारीचं गोत्र

पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या मामांनी खिशातून यंत्र काढलं. “आता तुमची ज्वारी आणा.”

केतकीच्या वडिलांनी वाटीभर दाणे पुढे केले. मामांनी दोन्ही घरचे दाणे यंत्रात टाकले आणि लाल दिवा लागला.

“सगोत्र!” मामा म्हणाले. “जमायचं नाही, अंबादासराव.”

सगळ्या तालुक्यानं एकच वाण पेरला आणि एकाच रोगानं तो झोपवला, तेव्हापासून माणसांचं गोत्र कुणी विचारत नसे. सोयरीक करायची ती वेगळ्या ज्वारीच्या घरात, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांत नवं रक्त येई.

“मला अजून थोडे पोहे चालतील,” नवरामुलगा विश्वंभर म्हणाला. त्याला पोहे आवडत नव्हते, पण उठायचंही नव्हतं.

केतकी तरातरा ओसरीवर गेली आणि आढ्याला टांगलेली कणसं ओढून घेऊन आली.

“अगं, ती चिमण्यांची!” आई ओरडली.

“तीच तपासा, मामा. बाजारात न चालणारी वाकडी, तांबडी कणसं आजीच्या वेळेपासून आम्ही चिमण्यांनाच टांगतो. त्यांनी सांडलेले दाणे परसात उगवतात, तेच पुन्हा टांगतो.”

यंत्र बराच वेळ घुटमळलं आणि मग हिरवंगार झालं.

“अहो, ही तर आमच्या ज्वारीच्या नात्यातही नाही!” मामांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. “बोला, तुमची काही अट?”

“एकच,” आई म्हणाली. “लग्नात पहिली पंगत चिमण्यांची.”

विश्वंभरनं पोह्यांची बशी उचलली आणि त्या पंगतीची सुरुवात लगेच ओसरीवर करून टाकली.