ट्यूबाचा वारस

“आ कर,” डॉक्टर प्लात्सर म्हणाले आणि त्यांनी बुर्गीच्या तोंडात बॅटरी मारली.

बँडच्या खोलीत आया श्वास रोखून उभ्या होत्या. दर शरदात, शिकवणी सुरू होताना, डॉक्टर मुलांचे ओठ-दात बघून कुणी कोणतं वाद्य फुंकायचं ते ठरवत. टिरोलमधल्या या खेड्यात बँडमास्तर तेच आणि डॉक्टरही तेच. त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

बुर्गीचा आजा क्वीरिन तेवढा घालायचा. बँडमध्ये ट्यूबा त्याचा, उभ्या जन्माचा. ते अगडबंब वाद्य नातीच्या हाती द्यायचं, एवढीच म्हाताऱ्याची हौस. पण दरवर्षी डॉक्टर त्याला उडवून लावत. “तू आहेस की अजून घोड्यासारखा! जागा रिकामी होणार असेल तरच मी पोर तयार करतो.”

आणि ते काही उगाच बोलत नव्हते. मागे एकदा त्यांना बेकरीवाल्याच्या पोराचे ओठ हॉर्नचे दिसले. लोक हसले, कारण हॉर्नवाला विगिल चांगला ठणठणीत होता. विगिल वसंतात गेला. त्याच्या अंत्ययात्रेत त्या पोराने हॉर्न असा वाजवला, की विगिलची उणीव कुणाला भासली नाही. मास्तरांच्या दूरदृष्टीची गावाने वाहवा केली. सगळ्यांत मोठ्यांदा क्वीरिननेच.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली.

“ट्यूबा.”

“मला ट्रंपेट हवंय!” बुर्गी रडकुंडीला आली. “तो ट्यूबा माझ्याहून मोठाय, आजोबा!”

“गप गं! नशीब काढलंस!” क्वीरिनला आभाळ ठेंगणं झालं. त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना श्नाप्स पाजायचं जाहीर केलं. आयांनी हेव्याने नाकं मुरडली. ज्याने त्याने येऊन त्याचा हात हातात घेतला. डॉक्टर तेवढे त्याच्याकडे बघत नव्हते.

गेल्याच आठवड्यात त्याची छाती तपासताना ते “काही नाही, काही नाही” असं दोनदा म्हणाले होते.

क्वीरिन गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेला.

“डॉक्टर,” तो हळूच म्हणाला, “ट्यूबा शिकायला मला तीन वर्षं लागली होती.”

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरगी हुशार आहे, क्वीरिन. नाताळपर्यंत तयार करतो तिला.”