विहिरीतला भोंगा

देवपूरच्या डिझाइन कॉलेजात स्टुडिओ या विषयाची शेवटची तोंडी परीक्षा होती. तिथला नियम असा, की गावासाठी केलेली वस्तू आधी गावात वापरात हवी आणि परीक्षेला फोटो चालायचे नाहीत, तीच वस्तू टेबलावर ठेवायची. स्नेहलने भोंगा ठेवला. विहिरीत विषारी वायू साचला, की तो वाजायचा.

"गावाचा विश्वास बसला का यावर?" मॅडमनी विचारलं.

"पूर्ण बसलाय! आधी यादवभाऊ गाळ काढायला उतरण्यापूर्वी दोरीने पेटता कंदील खाली सोडायचे. विझला तर उतरायचे नाहीत. आता तसलं काही करत नाहीत. भोंगा वाजला नाही की बिनधास्त उतरतात."

"छान. तिथे दुसरा लावलाय ना?"

"नाही मॅडम, एकच आहे. कठड्याच्या आतून लटकवलेला असतो. सकाळी लवकर जाऊन काढून आणला, कोणी उठलंही नव्हतं. संध्याकाळी परत..."

स्नेहल बोलता बोलता थांबली. तिचा फोन वाजत होता. यादवच्या आईचा, द्रौपदाबाईंचा.

"ताई, भोंगा तं वाजना नही. मंग मना यादव वर का बरं येत नही?"